मसुरीएवढ्या चौघी, किलोभर कॅल्शियम

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात शिरलात की जमिनीवर, कारागिरांच्या कपड्यांवर, अगदी भुवयांवरही पांढरी पूड बसलेली दिसते. शाडूचं काम सोडलं तर ही पूड म्हणजे कॅल्शियमच: जिप्समचा दगड भाजून, दळून केलेलं प्लास्टर. हमरापूर, जोहे, कळवे या गावांत ते पोत्यांनी उतरतं. हात मोडल्यावर डॉक्टर जे पांढरं बँडेज ओलं करून गुंडाळतात, त्यातही हेच प्लास्टर असतं आणि ज्या हाडासाठी ते गुंडाळायचं, तेही कॅल्शियमचंच.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण एक किलो कॅल्शियम असतं. त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत. रक्तात फिरतं ते जेमतेम तीनशे मिलिग्रॅम. पण हृदयाचा ठोका, स्नायूंची हालचाल, मेंदूचे निरोप, रक्त गोठणं हे सगळं त्या चिमूटभर कॅल्शियमवर चालतं. म्हणून दर १०० मिलिलिटर रक्तात ते साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅमच्या आत राहावं लागतं. दिवसभर उपास करा नाहीतर जत्रेत पोटभर पेढे खा, आकडा फारसा हलत नाही.

तो हलू न देण्याचं काम गळ्यातल्या चार ग्रंथी करतात. त्यांचं नाव पॅराथायरॉईड. थायरॉईडच्या मागच्या बाजूला चिकटलेल्या, पिवळसर तपकिरी, मसुरीच्या डाळीएवढ्या. एकेकीचं वजन तीस ते चाळीस मिलिग्रॅम, म्हणजे चौघी मिळून ग्रॅमचा सहावा हिस्साही भरत नाहीत. शेजारच्या थायरॉईडचं नाव आज घरोघरी माहीत आहे आणि ‘मला थायरॉईड आहे’ हे वाक्य पेण-रोह्याच्या बाजारातही कानावर पडतं. या चौघींना मात्र कुणी विचारत नाही. वर्षानुवर्षं मुतखडे पाडणारी, हाडं दुखतात म्हणून तेल चोळणारी माणसं आपल्या आसपास असतात आणि त्यांतल्या काहींच्या दुखण्याचं मूळ नेमकं इथे असतं. म्हणून या चौघींची ही ओळख.

आधी गेंड्यात सापडल्या

या ग्रंथी पहिल्यांदा नीट पाहिल्या गेल्या त्या माणसात नव्हे, भारतीय एकशिंगी गेंड्यात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८३४ साली आणलेला हा गेंडा १८४९ मध्ये मेला. त्याचं शवविच्छेदन रिचर्ड ओवेन यांनी केलं. ‘डायनोसॉर’ हे नाव जगाला देणारे ते हेच. दोन टनांच्या त्या धुडाच्या मानेत थायरॉईडला चिकटलेला एक छोटा, घट्ट, पिवळा गोळा त्यांना दिसला आणि त्यांनी तो नोंदवून ठेवला. पुढे तीस वर्षं त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

माणसातल्या ग्रंथींचा शोध स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या इव्हार सँडस्ट्रॉम या विद्यार्थ्याने लावला. आधी १८७७ मध्ये कुत्र्यात, मग पन्नास माणसांच्या मृतदेहांत. १८८० साली त्याचा लेख छापून आला. माणसाच्या शरीरातला डोळ्यांनी दिसणारा हा शेवटचा मोठा शोध, असं वैद्यकाच्या इतिहासात मानलं जातं. त्या वेळी त्या लेखाची दखलच घेतली गेली नाही. सँडस्ट्रॉम १८८९ मध्ये, चाळिशी गाठण्याआधीच गेला. या ग्रंथींचा कॅल्शियमशी संबंध सिद्ध व्हायला १९०९ साल उजाडावं लागलं. आपण काय शोधून ठेवलं आहे हे त्याला कधी कळलंच नाही, याची हळहळ वाटते.

रोह्याचे गव्हर्नर

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर सी. डी. देशमुख आपल्या रायगडचे. जन्म १८९६ चा, महाडजवळच्या नाते गावचा, घराणं रोह्याचं. १९४३ ते १९४९ ते गव्हर्नर होते. पॅराथायरॉईडचं काम सांगायला त्यांच्या खुर्चीपेक्षा सोयीचा दाखला नाही. हाडं ही तिजोरी, रक्तातलं कॅल्शियम हे बाजारात फिरणारं चलन आणि या चौघी मिळून गव्हर्नर.

ग्रंथीतल्या पेशींच्या अंगावर कॅल्शियम मोजणारा एक रेणू असतो. हा रेणू १९९३ साली ओळखला गेला. रक्तातलं कॅल्शियम किंचित खाली आलं की काही सेकंदांत पॅराथायरॉईड हार्मोन, म्हणजेच पीटीएच, रक्तात सुटतं. ८४ अमिनो आम्लांची ही साखळी तीन हुकूम पोचवते.

पहिला हुकूम हाडांना: थोडं कॅल्शियम सोडा. दुसरा मूत्रपिंडांना: जाऊ देऊ नका. मूत्रपिंडांतून रोज सुमारे दहा ग्रॅम कॅल्शियम गाळलं जातं आणि त्यातलं ९८ टक्क्यांहून जास्त परत रक्तात घेतलं जातं. त्याच वेळी फॉस्फेट मात्र लघवीवाटे बाहेर टाकलं जातं, कारण फॉस्फेट साठलं तर ते कॅल्शियमला बांधून ठेवेल. तिसरा हुकूमही मूत्रपिंडांनाच, पण वेगळा: ड जीवनसत्त्वाला कामाच्या रूपात आणा. ते जागं झालं की आतडी जेवणातलं कॅल्शियम जास्त शोषून घेतात.

कॅल्शियम पुरेसं झालं की हार्मोन थांबतं. इथे एक नवल आहे. शरीरातल्या बहुतेक ग्रंथींमध्ये पेशीतलं कॅल्शियम वाढलं की स्राव सुटतो. पॅराथायरॉईडमध्ये उलट, कॅल्शियम वाढलं की स्राव बंद होतो. आणि सुटलेलं हार्मोन रक्तात टिकतं तरी किती? दोन ते चार मिनिटांत निम्मं नाहीसं होतं. त्यामुळे नवा हुकूम देताना जुन्याची अडचण होत नाही.

जिताड्याला या ग्रंथी नसतात

पेणच्या खारपट्टीतला जिताडा हा पाहुणचाराचा मासा. त्याच्या गळ्यात कितीही शोधलं तरी पॅराथायरॉईड सापडणार नाही, कारण कुठल्याच माशाला ती नसते. माशाला गरजही नाही. पाण्यात कॅल्शियम विरघळलेलं असतं आणि कल्ले ते थेट ओढून घेतात.

पाण्यातून जमिनीवर आलेल्या प्राण्यांना ही सोय उरली नाही. जेवणातून मिळेल तेवढंच कॅल्शियम आणि ते रोज सारखं मिळेल याची हमी नाही. तेव्हा आतूनच हिशेब ठेवणारं कुणीतरी हवं होतं. ज्या जनुकावाचून आपली पॅराथायरॉईड तयार होत नाही, ते जनुक माशांच्या कल्ल्यांच्या कळ्यांमध्येही जागं असतं, हे लंडनच्या संशोधकांनी २००४ साली दाखवून दिलं. आईच्या पोटातल्या गर्भाच्या मानेवर ज्या घड्यांतून या ग्रंथी घडतात, त्याच घड्यांपासून माशांमध्ये कल्ले होतात. मासा साफ करताना लाल कल्ले ओढून टाकतो, तेव्हा आपल्याच गळ्यातल्या ग्रंथींचे दूरचे नातेवाईक आपल्या हातात असतात.

चारच कशावरून?

सगळ्यांना चारच असतात असं नाही. स्वीडनमध्ये पाचशेहून अधिक मृतदेह तपासून केलेल्या मोजणीत ८४ टक्के लोकांत चार, १३ टक्क्यांत चाराहून जास्त आणि ३ टक्क्यांत तीनच ग्रंथी आढळल्या होत्या.

जागाही पक्की नसते. खालच्या दोन ग्रंथी गर्भात खरं तर वरच्या घडीतून उगवतात आणि छातीतल्या थायमस ग्रंथीबरोबर खाली प्रवास करतात. वाटेत कुठे थांबतील याचा नेम नसतो. कधी जबड्याखाली राहतात, कधी थायमससोबत थेट छातीत उतरतात.

या प्रवासाची किंमत चार्ल्स मार्टेल या अमेरिकन जहाजाच्या कप्तानाने मोजली. धिप्पाड, सहा फुटी गडी. तिशीच्या आत त्याची हाडं मऊ पडू लागली, एकामागून एक मोडू लागली, पाठ वाकली आणि उंची सुमारे सात इंचांनी घटली. १९२६ मध्ये पॅराथायरॉईडचा संशय आला. गळा उघडला, काही मिळालं नाही. पुन्हा उघडला, पुन्हा नाही. अशा सहा शस्त्रक्रिया झाल्या. कप्तान स्वतः शरीररचनेची पुस्तकं वाचत बसायचा आणि आता छातीत शोधा असा आग्रह त्यानेही धरला. १९३२ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये सातव्या वेळी छाती उघडली, तेव्हा गाठ तिथे होती. तोवर मूत्रपिंडं खड्यांनी इतकी खराब झाली होती, की तो काही आठवड्यांतच गेला. जगभरच्या सर्जनांना ही गोष्ट आजही शिकवली जाते.

खडा मूत्रपिंडात, मूळ गळ्यात

आता आपल्या गावाकडे येऊ. कोकणात मुतखड्यावर कुळथाचं कढण, पानफुटीची पानं आणि भरपूर पाणी हे उपाय घरोघरी माहीत. खडा पडला की विषय संपला. पण त्याच माणसाला दुसऱ्या वर्षी परत कळा येऊ लागल्या, मग तिसऱ्या वर्षीही, तर रक्तातलं कॅल्शियम बघायलाच हवं. मुतखड्याच्या शंभर रुग्णांपैकी साधारण दोन ते पाच जणांच्या गळ्यात या चौघींपैकी एक बिघडलेली असते.

बिघाड बहुतेकदा एकीचाच. दहातल्या आठांहून अधिक रुग्णांत एका ग्रंथीवर साधी, कर्करोग नसलेली गाठ येते. ती गव्हर्नरचं ऐकत नाही, स्वतःच नोटा छापत सुटते. हाडांतून कॅल्शियम उपसलं जातं, रक्तात वाढतं, लघवीत सांडतं आणि खडे होतात. बायकांमध्ये हा आजार पुरुषांच्या तिपटीने आढळतो.

लक्षणं अशी, की प्रत्येकाला दुसरंच कारण जोडून देता येतं. थकवा? कामाचा. तहान आणि सारखी लघवी? साखर तपासली, साखर नाही. बद्धकोष्ठ? वयाचं. उदास वाटतं, विसरायला होतं? घरातल्या कटकटीचं. गुडघे, कंबर, फासळ्या दुखतात? संधिवाताचं. कधी जबड्यात गाठ येते आणि घरचे कर्करोगाच्या धास्तीने हबकतात. ती निघते हाड पोखरून झालेली पोकळी, आत साकळलेल्या रक्तामुळे तपकिरी झालेली. अशा रुग्णाला पहिल्यांदा ओळखणारा डॉक्टर दातांचा असू शकतो. दाताच्या मुळाभोवती एक्स-रेत दिसणारी बारीक पांढरी रेघ या आजारात पुसट होते. हाताच्या एक्स-रेत तर्जनी आणि मधल्या बोटाच्या अंगठ्याकडच्या कडा कुरतडल्यागत दिसतात.

पाश्चात्त्य देशांत हा आजार आता बहुतेकदा नेहमीच्या रक्ततपासणीत, काही त्रास व्हायच्या आधीच सापडतो. आपल्याकडे तसं होत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१० साली पश्चिम भारतातल्या रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यातले रुग्ण तिकडच्यापेक्षा तरुण होते आणि अनेकांची हाडं आजाराने आधीच गाठलेली होती. ड जीवनसत्त्वाची कमतरता आणि उशिरा झालेली तपासणी या दोन्हींचा इथे वाटा आहे. पेण किंवा रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयातून पुढे अलिबाग, मग दिव्याची गाडी पकडून परळ, असा प्रवास ज्यांना करावा लागतो, त्यांच्यासाठी गावातच वेळेवर झालेली एक कॅल्शियमची तपासणी फार मोलाची आहे. ती महागही नाही.

इलाज मात्र नामी. गाठ काढली की बहुतेक जण बरे होतात. पहिली अशी शस्त्रक्रिया १९२५ मध्ये व्हिएन्नात फेलिक्स मांडल यांनी केली. रुग्ण होता आल्बर्ट याने नावाचा ट्रॅमचा कंडक्टर. तेव्हाची समजूत उलटी होती: हाडं खराब, म्हणजे पॅराथायरॉईड कमी पडत असणार. म्हणून आधी त्याला दुसऱ्याची ग्रंथी बसवून पाहिली. तो सुधारला नाही. मग मांडल यांनी त्याचा गळा उघडून मोठी झालेली ग्रंथी काढली आणि कुबड्यांवरचा माणूस चालू लागला. काही वर्षांनी आजार उलटला, पण कारण कुठे आहे हे जगाला कळलं होतं.

आज शस्त्रक्रिया चालू असतानाच रक्त तपासता येतं. हार्मोन मिनिटांत ओसरतं, म्हणून गाठ काढल्यावर दहा मिनिटांनी पीटीएच निम्म्याहून खाली आलं, की सर्जनला कळतं: काम फत्ते, गळा शिवा.

‘नॉर्मल’ पण नॉर्मल नाही

पीटीएचचा रिपोर्ट एकटा वाचायचा नसतो. त्याची मर्यादा साधारण १५ ते ६५. समजा, पीटीएच आलं ५०. कागदावर शेजारी काही खूण नाही, सगळे निर्धास्त. पण त्याच दिवशी कॅल्शियम साडेअकरा असेल तर हे ५० साफ चूक आहे. एवढं कॅल्शियम असताना निरोगी ग्रंथींनी गप्प बसायला हवं होतं.

रक्त घेताना दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवला तर कॅल्शियम खोटं जास्त दिसतं. रक्तात अल्ब्युमिन हे प्रथिन कमी असेल तर खोटं कमी दिसतं, आणि डॉक्टर त्याचा हिशेब करून आकडा सुधारतात. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि मानसिक आजारावरचं लिथियम यांनीही कॅल्शियम चढतं. तेव्हा चालू औषधांची पिशवी डॉक्टरांसमोर रिकामी करावी.

पीटीएच जास्त आणि कॅल्शियम कमी किंवा ठीकठाक असेल तर गोष्ट निराळी. तिथे ग्रंथी बिघडलेल्या नसतात, त्या बिचाऱ्या जास्तीचं काम करत असतात. ड जीवनसत्त्व कमी असतं किंवा मूत्रपिंडं थकलेली असतात. डायलिसिसवरच्या रुग्णांचं पीटीएच म्हणूनच वरचेवर पाहतात. चार महिने आभाळ भरलेलं, उरलेले आठ महिने कारखान्याच्या पत्र्याखाली रंगकाम, असा दिनक्रम असणाऱ्यांनी ड जीवनसत्त्व जरूर तपासावं.

हाताचा पंजा असा का वळला?

कॅल्शियम खाली घसरलं तर काय होतं, ते बघायचं असेल तर एक हात डोळ्यांसमोर आणा. अंगठा तळव्यात ओढला गेलेला, चारही बोटं सरळ ताठ, एकमेकांना चिकटलेली आणि मुळाशी वाकलेली, मनगट आत वळलेलं. माणूस शुद्धीवर आहे, बोलतो आहे, पण बोटं उघडता उघडत नाहीत. त्याआधी तासभर ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या आलेल्या असतात. डॉक्टर ही खूण मुद्दाम घडवूनही बघतात: रक्तदाबाचा पट्टा फुगवून तीन मिनिटं तसाच ठेवायचा, कॅल्शियम कमी असेल तर पंजा असाच वळतो. कानापुढे बोटाने टिचकी मारली की ओठाचा कोपरा उडतो, ही दुसरी खूण.

आकडी आली म्हणून कांदा हुंगवणं, चप्पल नाकाशी धरणं हे अजून चालतं. अशा काही रुग्णांना फिटच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू राहतात आणि कॅल्शियम कधी बघितलंच जात नाही. पहिली फिट आली की कॅल्शियम आणि मॅग्नेशियम तपासायला सांगा, यात भीड नको.

या ग्रंथी कमी पडण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे थायरॉईडची शस्त्रक्रिया. ग्रंथी इवल्याशा, आसपासच्या चरबीच्याच रंगाच्या, त्यांचा रक्तपुरवठा केसाएवढ्या धमनीतून. एकोणिसाव्या शतकातले दोन नामवंत सर्जन, बर्नचे कोखर आणि व्हिएन्नाचे बिलरोथ, दोघेही गलगंड काढायचे. कोखर यांच्या रुग्णांना पुढे थायरॉईड संपल्याने सुस्ती यायची, बिलरोथ यांच्या रुग्णांना मात्र हातापायांना वळ यायचे. कोखर अतिशय हळुवार काम करून थायरॉईड पूर्ण काढायचे, त्यात मागच्या चौघी वाचायच्या. बिलरोथ यांच्या झपाट्यात त्या थायरॉईडबरोबर निघून जायच्या. कोखर यांना १९०९ चं नोबेल मिळालं.

आज या ग्रंथी ओळखायला प्रकाश मदतीला आला आहे. डोळ्यांना न दिसणारे, अवरक्ताच्या जवळचे किरण टाकले की पॅराथायरॉईड स्वतःहून चमकते, आसपासच्या थायरॉईडपेक्षा कितीतरी जास्त. कुठला रंग टोचावा लागत नाही. हा गुण अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात अनिता महादेवन-जॅन्सेन यांच्या प्रयोगशाळेने हेरला. २०१८ मध्ये त्यावर आधारलेल्या उपकरणांना अमेरिकेत परवानगी मिळाली. ती चमक नेमक्या कुठल्या रेणूची, हे कोडं विज्ञानाला अजून उलगडायचं आहे.

खरवस आणि आडवी पडलेली गाय

रोहा, नागोठण्याच्या गावांत गाय व्यायली की शेजारी चिकाची वाट पाहतात. खरवस सगळ्यांना हवा. गाईच्या पॅराथायरॉईडची मात्र ती परीक्षेची वेळ असते. एका लिटर चिकात दोन ग्रॅमहून अधिक कॅल्शियम. दहा लिटर काढला तर वीसेक ग्रॅम गेलं आणि गाईच्या रक्तात एका वेळी असतं जेमतेम तीन ग्रॅम. हाडं उघडून कॅल्शियम बाहेर आणायला ग्रंथींना दिवस-दोन दिवस लागतात. तेवढ्यात गाय कोसळते.

तिसऱ्या-चौथ्या वेताच्या दुधाळ गाई, त्यातही जर्सी जातीच्या, यात जास्त सापडतात. गाय बसते ती उठतच नाही. मान वळवून कुशीवर टेकते, कान गार, नाकपुडी कोरडी, पोट फुगायला लागलेलं. याला दुग्धज्वर म्हणतात, पण ज्वर मुळीच नसतो, उलट अंग थंड पडतं. जनावरांचे डॉक्टर मानेच्या शिरेतून कॅल्शियमची बाटली चढवतात. सावकाश, एक हात गाईच्या छातीवर ठेवून, कारण घाई केली तर हृदय दगा देतं. बाटली अर्धी होते. गाईच्या कातडीवर थरथर उठते. ढेकर येतो. शेण पडतं. आणि कित्येकदा बाटली संपता संपता ती मागचे पाय सावरत उभी राहते. ज्याने हे एकदा पाहिलं, त्याला कॅल्शियम म्हणजे काय हे निराळं समजावून द्यावं लागत नाही. पुढचा दिवसभर सगळा चीक एकदम पिळून काढू नका, असं डॉक्टर सांगतात. खरवसाला थोडा धीर धरा.

परड्यातली कोंबडीही कमी नाही. एका अंड्याच्या कवचात दोन ग्रॅम कॅल्शियम आणि कवच घडतं रात्री, दाणापाणी बंद असताना. त्यासाठी तिच्या पायांच्या हाडांत खास साठा असतो आणि पीटीएच तो मोकळा करतं. बाईमाणसाचं म्हणाल, तर नऊ महिन्यांत बाळ आईकडून सुमारे तीस ग्रॅम कॅल्शियम घेतं, त्यातलं बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत.

ताटात काय?

नाचणी: शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीवर कातकरी-ठाकूर पिकवतात ती नाचणी घरात असताना महागड्या डब्यांच्या पावडरी विकत घेण्याचं मला कारण दिसत नाही.

सुकट, जवळा, काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक मासळी: उत्तम.

मीठ: इथे सावधान. पेणच्या खाडीकाठी मिठागरं होती आणि पेणचे पापड तर नावाजलेले. पण मूत्रपिंडात सोडियम आणि कॅल्शियम बरोबरीने वाहतात. साधारण सहा ग्रॅम मीठ जास्त खाल्लं की लघवीतून चाळीसेक मिलिग्रॅम कॅल्शियम जादा जातं. पापड, लोणचं, खारवलेली मासळी एकाच ताटात रोज आली तर चौघींना उगाच राबावं लागतं.

चुना: मोबाइलवर फिरणारा ‘रोज गव्हाच्या दाण्याएवढा चुना खा, हाडं मजबूत होतील’ हा सल्ला कृपया पुढे पाठवू नका. चुना जहाल अल्कली आहे. पानासोबत भरपूर चुना खाणाऱ्यांमध्ये कॅल्शियम इतकं चढल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत, की मूत्रपिंडं निकामी होऊ लागली. मुतखडा असलेल्याने तर या वाटेला जाऊच नये. कॅल्शियमच्या गोळ्याही रक्त न तपासता महिनोन्‌महिने घेऊ नयेत.

आणि ॲसिडिटीची गोळी. उपाशीपोटी घ्यायच्या काही गोळ्या वर्षानुवर्षं चालू राहिल्या तर अंगातलं मॅग्नेशियम घटतं. मॅग्नेशियमवाचून पॅराथायरॉईड हार्मोन सोडू शकत नाही आणि मग कॅल्शियम कितीही द्या, मुंग्या जात नाहीत.

तोडणारंही तेच, जोडणारंही तेच

पीटीएच सतत जास्त राहिलं तर हाडं झिजतात. तेच दिवसातून एकदा, थोडंसं, इंजेक्शनने दिलं तर हाडं भरतात! ८४ पैकी पहिली ३४ अमिनो आम्लं घेऊन केलेलं टेरीपॅराटाइड हे औषध २००२ मध्ये अमेरिकेत मान्य झालं. ते आता आपल्याकडेही वापरतात. मणका दबलेल्या, हाडं ठिसूळ झालेल्या आज्यांना रोज वीस मायक्रोग्रॅमची सुई देतात, बहुधा दोन वर्षांपर्यंत. हार्मोन थोडा वेळ चढून उतरलं, की हाड बांधणाऱ्या पेशी हाड खाणाऱ्या पेशींच्या पुढे निघतात.

हातातला गळा

मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात कधीकधी चारही ग्रंथी सुजून बेफाम होतात आणि चारही काढाव्या लागतात. पण एकही ठेवली नाही तर हातापायांना वळ येणार. यावर १९७० च्या दशकात सर्जनांनी एक तोडगा रुळवला. काढलेल्या ग्रंथीचे मिलिमीटरभराचे तुकडे करायचे आणि ते हाताच्या पुढच्या भागात, कोपराखालच्या स्नायूत खोबण्या करून पेरायचे. काही आठवड्यांत तिथे रक्तवाहिन्या उगवतात आणि ग्रंथी कामाला लागते. पुढे पुन्हा त्रास झालाच, तर गळा उघडावा लागत नाही, हातावर भूल देऊन दोन-चार तुकडे काढून घेता येतात.

अशा माणसाचं रक्त तपासायला घेताना तंत्रज्ञाला आधी विचारावं लागतं, ग्रंथी कुठल्या हातात आहे. कारण त्या हातातून घेतलेल्या रक्तात पीटीएच दुसऱ्या हातापेक्षा कितीतरी पट जास्त भरतं.